टायरची कंपनी पाचव्या नंबरला: स्पोर्ट्स कारचे टायर बदलण्याचा योग्य क्रम

स्पोर्ट्स कारचे टायर झिजले की पहिला प्रश्न येतो, "कुठल्या कंपनीचे घेऊ?" मग कुणी मित्राच्या गाडीवर आहेत तेच घेतो, कुणी सगळ्यांत चिकट रबर शोधतो, कुणी आहेत त्यापेक्षा रुंद टायर चढवतो. दोन-तीन महिन्यांत तक्रारी सुरू होतात. गाडी एका बाजूला ओढते, पावसात मागची बाजू सुटते, आतला काठ पार रबराखालच्या पोलादी तारा दिसेपर्यंत झिजतो. अशा वेळी दोष टायरला दिला जातो, पण टायर बहुतेकदा चांगलेच असतात. निवड उलट्या क्रमाने झालेली असते. खालच्या क्रमात कंपनी आणि मॉडेल पाचव्या टप्प्यावर येतं. आधीचे चार टप्पे नीट झाले, तर तिथे पोचेपर्यंत तीन-चारच पर्याय उरतात.

सुरुवात करण्याआधी जवळ ठेवा: ट्रेडची (रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीदार रबराची) खोली मोजायचं गेज, हवेचा दाब मोजायचं भरवशाचं गेज, टॉर्च आणि वही.

## टप्पा १: जुने टायर उतरवण्याआधी मोजून घ्या

गाडी जुन्या टायरवर उभी आहे तोवरच ही मोजणी होऊ शकते. प्रत्येक टायरवर आतला काठ, मध्य आणि बाहेरचा काठ अशा तीन जागी खोली मोजा. चार टायरचे बारा आकडे वहीत लिहा. पुढच्या चाकांसाठी स्टीअरिंग पूर्ण वळवून ठेवलं की हात पोचतो. मागच्या टायरचा आतला काठ मात्र खाली वाकून टॉर्च मारल्याशिवाय दिसत नाही, आणि बऱ्याच स्पोर्ट्स कारमध्ये नेमका तोच आधी जातो. बाहेरून निम्मी नक्षी शिल्लक दिसणारा टायर आतून गुळगुळीत असू शकतो.

आकड्यांचा अर्थ साधारण असा लावायचा:

- मध्य जास्त झिजला आणि दोन्ही काठ शाबूत असतील, तर हवा जास्त भरली जात होती.
- दोन्ही काठ झिजले आणि मध्य शाबूत असेल, तर हवा कमी होती.
- फक्त आतला काठ गेला असेल, तर कॅम्बर (समोरून पाहताना चाकाचा आत-बाहेर कल; वरचा भाग आत झुकला तर निगेटिव्ह) किंवा टो (वरून पाहताना चाक आत-बाहेर वळलेलं असणं) तपासायचा. नुसत्या निगेटिव्ह कॅम्बरने झीज हळू होते. ती झपाट्याने झाली असेल तर टो बिघडल्याची शक्यता जास्त.
- ट्रेडवरून हात फिरवताना एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं, तर तेही टोचंच लक्षण.
- ठिकठिकाणी खळगे पडले असतील, तर शॉक ॲब्झॉर्बर किंवा बॅलन्सिंगकडे पाहायचं.

हा टप्पा मी स्वतः एकदा वगळला होता. मागची जोडी वेळेआधीच संपली, तेव्हा रबर मऊ आहे म्हणून झिजलं असं गृहीत धरलं आणि दुसऱ्या कंपनीची जोडी बसवली. तिचाही आतला काठ तितक्याच वेगाने गेला. दोष मागच्या सस्पेन्शनच्या एका बूशमध्ये (जोडातल्या रबरी भागात) होता. बूश सैल झाल्यामुळे वेग घेताना चाकाचा टो बदलत होता. पहिल्या जोडीचे सहा आकडे लिहून ठेवले असते, तर दुसरी जोडी वाचली असती.

सावध: बूश, बॉल जॉइंट किंवा शॉक ॲब्झॉर्बरचा दोष आढळला, तर आधी तो दुरुस्त करा. बिघडलेल्या सस्पेन्शनवर नवे टायर म्हणजे त्याच झिजेची पुन्हा सुरुवात.

शेवटी चारही टायरच्या साइडवॉलवरच्या (टायरच्या बाजूच्या भिंतीवरच्या) अक्षरांचे फोटो काढून ठेवा. पुढचे आणि मागचे वेगळे असू शकतात.

## टप्पा २: गाडीचं मूळ माप शोधा

आत्ता गाडीवर जे टायर आहेत तेच बरोबर माप असेल असं धरू नका. गाडी दुसऱ्याकडून घेतली असेल, तर आधीच्या मालकाने माप बदललेलं असू शकतं. खरं माप ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर, इंधनाच्या झाकणाच्या आत किंवा गाडीच्या पुस्तकात असतं. फोटोतलं माप त्याच्याशी ताडून पाहा.

एक उदाहरण घेऊ: २४५/४० झेडआर १८ ९७ वाय एक्सएल.

२४५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ४० म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या ४० टक्के, म्हणजे इथे ९८ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल रचना, आणि १८ हा रिमचा व्यास इंचांत. ९७ हा भारांक. त्याचा अर्थ एक टायर जास्तीत जास्त ७३० किलो पेलतो. वाय हे वेगाचं अक्षर, मर्यादा ताशी ३०० किलोमीटर. एच म्हणजे २१०, व्ही २४०, डब्ल्यू २७०. वाय अक्षर कंसात छापलं असेल, तर टायर ३००च्या वरच्या वेगासाठीही आहे. झेडआर ही जुनी खूण, ताशी २४०च्या वर एवढंच सांगणारी. म्हणून नेमकी मर्यादा शेवटच्या अक्षरावरूनच वाचायची.

एक्सएल म्हणजे एक्स्ट्रा लोड, वाढीव भाराचा टायर. त्याबद्दल गैरसमज फार आहे. याच मापाचा साधा टायर ९३ भारांकाचा, म्हणजे ६५० किलोचा असतो. एक्सएलची वाढीव ताकद जास्त हवा भरल्यावरच मिळते: साध्या टायरचा पूर्ण भार २.५ बारवर मोजतात, एक्सएलचा २.९ बारवर. नुसतं एक्सएल लिहिलेलं आहे म्हणून कमी हवेत तो जास्त वजन पेलणार नाही.

सावध: भारांक आणि वेगाचं अक्षर गाडीच्या उत्पादकाने सांगितल्यापेक्षा खालचं घेऊ नका. "एवढ्या वेगाने मी चालवतच नाही" हा युक्तिवाद इथे लागू होत नाही. वेगाच्या अक्षरामागे टायरची उष्णता सहन करण्याची चाचणी असते.

माप बदलायचंच असेल, तर आधी कागदावर व्यास काढा. साइडवॉलची उंची दुप्पट करून त्यात रिमचा व्यास मिळवायचा, एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. २४५/४० आर १८ चा व्यास येतो ६५३ मिलिमीटर. २५५/३५ आर १९ चा येतो ६६१, म्हणजे सव्वा टक्क्याच्या आत फरक, हे चालण्यासारखं आहे. २४५/३५ आर १८ मात्र ६२९ येतो, जवळजवळ पावणेचार टक्के कमी. तीन टक्क्यांच्या बाहेर जायचं नाही हा सर्वसाधारण आडाखा, आणि मी स्वतः तर दोनच्या आत राहतो. व्यास बदलला की स्पीडोमीटर चुकतो, गिअरिंग बदलतं, आणि एबीएस व स्थिरता नियंत्रणाला चाकांच्या फिरण्याचा अंदाज चुकीचा मिळतो.

रुंदीचा विचार रिमशिवाय करता येत नाही. २४५/४० टायरला साधारण ८ ते ९.५ इंच रुंदीची रिम चालते. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की साइडवॉल बाहेर फुगते आणि वळताना टायर रिमवर डुलतो. जास्त रबर असूनही स्टीअरिंग ढिलं वाटतं. रिम अर्ध्या इंचाने बदलली की त्याच टायरची रुंदी सुमारे ५ मिलिमीटरने बदलते, म्हणून आतल्या बाजूला सस्पेन्शनपाशी आणि बाहेर मडगार्डपाशी किती मोकळी जागा आहे तेही मोजा.

तपासा: पुढचं माप, मागचं माप, दोन्हींचा भारांक, वेगाचं अक्षर, रिमची रुंदी. या पाच गोष्टी वहीत लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. चारही चाकांना ताकद देणारी गाडी असेल, तर पुढच्या आणि मागच्या व्यासाचं गुणोत्तरही लिहा. फक्त मागचे टायर मोठे केले तर पुढची आणि मागची चाकं वेगळ्या गतीने फिरू पाहतात आणि त्याचा ताण पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या मधल्या डिफरन्शियलवर किंवा क्लचवर सतत येत राहतो.

## टप्पा ३: गाडी खरंच कशी चालते ते लिहा

इथे स्वतःशी प्रामाणिक राहावं लागतं. वर्षातले किती दिवस ओल्या रस्त्यावर जातात? सगळ्यांत थंड सकाळचं तापमान किती असतं? रेसच्या ट्रॅकवर खरंच जाता, की जायची इच्छा आहे? वर्षातून दोन दिवस ट्रॅक आणि बाकी सगळा रस्ता असेल, तर टायर रस्त्याचाच घ्यायचा.

किलोमीटरही लिहा. जी गाडी वर्षात थोडीच चालते तिचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. तिच्यासाठी टिकाऊपणावर फार विचार करण्यात अर्थ नाही, पकडीचा विचार मोकळेपणाने करता येतो.

## टप्पा ४: आधी प्रकार ठरवा

सगळ्यांत महागात पडणारी चूक इथे होते. लोक दोन वेगळ्या प्रकारचे टायर समोर ठेवतात आणि "यातला चांगला कुठला" असं विचारतात.

रस्त्यासाठीचे उच्च क्षमतेचे उन्हाळी टायर. मिशेलिन पायलट स्पोर्ट ४ एस, कॉन्टिनेन्टल स्पोर्टकॉन्टॅक्ट ७, ब्रिजस्टोन पोटेन्झा स्पोर्ट ही या गटातली ओळखीची नावं. कोरड्यात आणि ओल्यात दोन्हीकडे भरवशाची पकड, पाणी बाहेर टाकणाऱ्या रुंद खाचा. बहुतेक स्पोर्ट्स कारचं उत्तर याच गटात असतं. उन्हाळी म्हणजे फक्त उन्हाळ्यात चालणारे असा अर्थ घेऊ नका. उबदार हवामानातल्या पावसात हे उत्तम चालतात. त्यांचं वैर थंडीशी आहे. तापमान ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की रबर कडक होऊ लागतं, आणि गोठणबिंदूच्या बरंच खाली ट्रेडला तडे जाऊ शकतात.

रस्त्यावर चालणारे पण ट्रॅककडे झुकलेले. ब्रिजस्टोन पोटेन्झा आरई-७१आरएस, योकोहामा ॲडव्हान निओव्हा एडी०९ असे. कोरड्यात पकड जास्त, आवाज जास्त, झीज लवकर.

सेमी-स्लिक. मिशेलिन पायलट स्पोर्ट कप २ किंवा पिरेली पी झीरो ट्रोफेओ आर. नक्षी मुळातच उथळ, खाचा कमी. रबर गरम झाल्यावर खरी पकड येते. घरून निघताना पहिल्याच वळणावर टायर थंड असतो हे लक्षात ठेवावं लागतं. साचलेल्या पाण्यात हे टायर लवकर तरंगतात. नक्षी निम्मी झिजल्यावर तर पावसात गाडी बाहेर काढू नये, इतक्या स्पष्टपणे मी सांगेन.

ऑल-सीझन उच्च क्षमतेचे. थंडीतही एकच संच चालवायचा असेल त्यांच्यासाठी. कडक उन्हात उन्हाळी टायरइतकी पकड आणि ब्रेक मिळत नाहीत. नियमित बर्फ असेल, तर तीन शिखरं आणि हिमकण अशी खूण असलेले हिवाळी टायर वेगळ्या रिमवर ठेवणं चांगलं.

तपासा: टप्पा ३ मधलं सगळ्यांत वाईट हवामान डोळ्यांसमोर आणा आणि त्या दिवशी हा टायर तुम्हाला सुखरूप घरी आणेल का ते पाहा. उत्तर "बहुधा" असेल तर त्या हवामानात जास्त भरवशाचा गट निवडा.

## टप्पा ५: आता मॉडेल

प्रथम मूळ टायरवर गाडीच्या उत्पादकाची खास खूण आहे का पाहा. पोर्शेसाठी एन आणि पुढे आकडा, बीएमडब्ल्यूसाठी तारा, मर्सिडीजसाठी एमओ, ऑडीसाठी एओ. या खुणेचा टायर त्या गाडीच्या सस्पेन्शनशी जुळवून बनवलेला असतो. त्याच नावाचा, पण खूण नसलेला टायर रचनेत वेगळा असू शकतो. खूण नसलेला घेतला म्हणून लगेच धोका होतो असं नाही, पण पुढे एक खुणेचा आणि मागे दुसऱ्या रचनेचा असं कधीही करू नका. गाडी अजून वॉरंटीत असेल तर मी खूण असलेलाच घेईन.

मूळ टायर रन-फ्लॅट होते का? ते हवा गेल्यावरही साधारण ताशी ८० किलोमीटर वेगाने ८० किलोमीटर जाऊ शकतात, पण साइडवॉल कडक असल्याने गाडी धक्के जास्त देते. साध्या टायरवर जायचं ठरवलंत, तर अशा गाडीत सुटं चाक बहुधा नसतंच, हे लक्षात घेऊन पंक्चर किट आणि छोटा पंप आजच गाडीत ठेवा.

मग आकडे. ट्रेडवेअर हा अमेरिकी पद्धतीचा आकडा १०० या आधार टायरच्या तुलनेत असतो, आणि तो कंपनी स्वतःच ठरवून छापते. त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन टायरमध्ये तुलना होऊ शकते, दोन कंपन्यांत ती फसवी ठरते. त्याच पद्धतीतला एए किंवा ए हा ट्रॅक्शनचा दर्जा ओल्यावर सरळ रेषेतल्या ब्रेकिंगचा आहे, वळणातल्या पकडीचा त्यात समावेश नाही. युरोपीय लेबलवरचा ओल्या पकडीचा दर्जाही ब्रेकिंगचाच. पाण्यावर तरंगणं, कोरड्या वळणावरची पकड, स्टीअरिंगचा प्रतिसाद यांतलं काहीच लेबल सांगत नाही. त्यासाठी एकाच गाडीवर, एकाच मापात, एकाच दिवशी घेतलेल्या तुलनात्मक चाचण्या वाचा. वेगळ्या वर्षी, वेगळ्या मापात झालेल्या दोन चाचण्यांचे सेकंद एकमेकांशी ताडू नका.

## टप्पा ६: चार की दोन?

चारही चाकांना ताकद देणारी गाडी असेल, तर चार एकदम बदलणं सुरक्षित. पुस्तकात चाकांच्या परिघातल्या किंवा ट्रेडच्या फरकाची मर्यादा दिलेली असते, ती पाळा.

दोनच चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत एका ॲक्सलची (पुढची किंवा मागची) जोडी बदलता येते, पण जोडी पूर्ण हवी: तीच कंपनी, तेच मॉडेल, तीच खूण. पुढचं आणि मागचं माप एकच असेल, तर नवी जोडी मागे आणि उरलेले बरे टायर पुढे. मागे झिजलेले आणि पुढे नवे असले, की ओल्या वळणावर मागची बाजू आधी सुटते, आणि ती सावरणं पुढची बाजू घसरण्यापेक्षा कितीतरी अवघड असतं. मागे रुंद आणि पुढे अरुंद टायर असतील तर ही अदलाबदल शक्यच नाही. अशा वेळी पुढच्यांची खोली ३ मिलिमीटरच्या जवळ आली असेल, तर चारही बदलण्याचा विचार करा. कायद्याची मर्यादा अनेक देशांत १.६ मिलिमीटर आहे, पण पाणी बाहेर टाकण्याची क्षमता त्याच्या बरीच आधी घटलेली असते.

सावध: पुढे सेमी-स्लिक आणि मागे साधे, किंवा एका बाजूला वेगळ्या प्रकारचा टायर, असं तात्पुरतंही करू नका.

## टप्पा ७: हातात आल्यावर तारीख वाचा

साइडवॉलवर डीओटी या अक्षरांनंतरच्या ओळीत शेवटचे चार आकडे उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३वा आठवडा. हा क्रमांक बऱ्याचदा एकाच बाजूला पूर्ण असतो, म्हणून टायर बसवण्याआधी दोन्ही बाजू पाहा. एका ॲक्सलच्या जोडीच्या तारखा जवळजवळच्या हव्यात. दोन वर्षं जुना, पण नीट ठेवलेला टायर मला चालतो. चार वर्षांचा मात्र मी परत करेन.

तपासा: माप, भारांक, अक्षर, उत्पादकाची खूण. वहीतल्या नोंदींशी चारही टायर एकेक करून ताडा. टायर रिमवर चढल्यानंतर परत करणं जवळपास अशक्य होतं.

## टप्पा ८: बसवताना तिथे उभे राहा

चांगले टायर इथेच वाया जातात. विचारण्यात संकोच करू नका.

1. कमी उंचीच्या टायरसाठी लिव्हरशिवाय चालणारं मशीन असेल तर उत्तम. लोखंडी पट्टी घालून ओढाताण केली की रिमला ओरखडे पडतात आणि टायरचा बीड (रिमवर घट्ट बसणारा काठ) फाटू शकतो.
2. दाब मोजणारा सेन्सर व्हॉल्व्हच्या आत असतो. बीड तिथे दाबला जाऊ नये. सेन्सर जुना असेल तर बॅटरीचा विचार आत्ताच करा.
3. बाण असलेला टायर बाणाच्या दिशेने फिरला पाहिजे. असममित (आत आणि बाहेर वेगळी नक्षी असलेल्या) टायरवर "बाहेरची बाजू" लिहिलेली बाजू बाहेरच हवी. ही चूक घाईत होते आणि महिनोन्‌महिने लक्षात येत नाही.
4. बीड बसवताना दाब ४० पीएसआयच्या वर नेऊ देऊ नका. बसत नसेल तर हवा काढून, बीडला पुन्हा वंगण लावून प्रयत्न करायचा.
5. टायरवरचा पिवळा ठिपका हलकी जागा दाखवतो, तो सहसा व्हॉल्व्हजवळ ठेवतात. लाल ठिपका टायरच्या ताठरपणाचा सर्वोच्च बिंदू दाखवतो, आणि रिमवर तशी खूण असेल तर तो तिच्याशी जुळवतात.
6. बॅलन्सिंगची वजनं आतल्या बाजूला चिकटवायची. बॅलन्स करूनही ठरावीक वेगाला थरथर राहिली, तर भार देऊन मोजणारं रोड-फोर्स मशीन शोधा.
7. हबचा चेहरा स्वच्छ करून मगच चाक लावायचं. नट ताऱ्याच्या क्रमाने, आणि शेवटचा ताण टॉर्क पान्याने, पुस्तकातल्या आकड्याइतकाच. हवेच्या गनने घट्ट केलेलं चाक तसंच घेऊन निघू नका.

त्यानंतर अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं), हवेचा दाब बरोबर करून. बदलाआधीचे आणि नंतरचे आकडे छापून मागा. कॅम्बर, टो, कॅस्टर (स्टीअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे कल) तिन्ही दिसले पाहिजेत. डावा आणि उजवा यांत मोठा फरक असेल, तर "मर्यादेत आहे" एवढ्यावर समाधान मानू नका.

## टप्पा ९: पहिले काही शे किलोमीटर

साच्यातून निघालेल्या नव्या ट्रेडचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो आणि पूर्ण पकड यायला वेळ लागतो. पहिले ३०० किलोमीटर जोरात ब्रेक आणि जोरात वळणं टाळा, विशेषतः ओल्यात. ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा. ही तपासणी फार जण विसरतात.

हवा गाडी थंड असताना मोजायची, म्हणजे गाडी काही तास उभी असली पाहिजे. तापमान १० अंश सेल्सिअसने बदललं की दाब साधारण ०.१ बारने बदलतो, म्हणून ऋतू बदलताना पुन्हा मोजा. गरम टायरची हवा जास्त दिसली म्हणून ती काढू नका.

१,५०० किलोमीटर झाले की वही उघडा आणि तेच बारा आकडे पुन्हा घ्या. नव्या टायरवर अर्धा मिलिमीटरचा फरक असला, तरी तो कुठल्या काठावर आहे ते दिसतं. आतला काठ पुन्हा पुढे धावत असेल, तर तोच कागद घेऊन अलाइनमेंटला जा. त्या वेळी टायरवर अजून सहा-सात मिलिमीटर रबर शिल्लक असतं.